साहेब, काम निघालंय!

आमच्या गाडीला आवाज येऊ लागला.

प्रथम तो फक्त मला ऐकू आला. गल्लीच्या तोंडाशी असलेला गतिरोधक ओलांडताना पुढच्या डाव्या चाकापाशी 'टक-टक-खट्' असं काहीतरी वाजलं. मी हिला विचारलं, "ऐकलंस?" ही म्हणाली, "काय?" मी गाडी वळवून पुन्हा त्याच गतिरोधकावर नेली. "आता?"

"हो, आता आलं ऐकू. भाजीवाला हाका मारतोय. मेथीचे पैसे द्यायचे राहिलेत."

गतिरोधक कसा असावा याचे नियम आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. इंडियन रोड्स काँग्रेसने ते ठरवून दिलेले आहेत. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर आणि माथ्याला अशी गोलाई, की ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने गाडी सुखाने पलीकडे जावी. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाच्या कानावर ही बातमी अजून आलेली नाही. कंत्राटदाराकडे जेवढं डांबर उरलं असेल तेवढी त्याची उंची. त्यामुळे गल्लीतली प्रत्येक गाडी दिवसातून चार वेळा त्याला साष्टांग नमस्कार घालते आणि पुढेमागे तिच्या गुडघ्यांची तक्रार सुरू होते.

गाडीचा आवाज दाढदुखीसारखा असतो. दुखत नसते तोवर दाढ आहे याची आठवणही नसते आणि एकदा सुरू झाली की जिभेला दुसरा उद्योग उरत नाही. मी रेडिओ लावेनासा झालो. हिच्याशी बोलेनासा झालो. रस्त्यातले खड्डे चुकवण्याऐवजी मुद्दाम त्यांतून गाडी नेऊ लागलो, तीही कान देऊन. चौथ्या दिवशी ही म्हणाली, "इतकं लक्ष देऊन तुम्ही चाळीस वर्षांत माझं एकही वाक्य ऐकलेलं नाहीत."

मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये सल्लामसलत झाली. तळमजल्यावरच्या निवृत्त ओव्हरसियरसाहेबांनी बॉनेट दोन्ही हातांनी दाबलं, सोडलं आणि निकाल दिला, "शॉकअप गेले!" दुसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "नाही काका, लोअर आर्म." वॉचमन इतका वेळ गप्प उभा होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, डिकीत काही राहिलं असंल." मंडळी हसली. मी केवळ त्याचं मन राखायला डिकी उघडली. आत एक नारळ होता. मागच्या चतुर्थीचा. तो काढल्यावर निम्मा आवाज गेला.

नारळाची चटणी उत्तम झाली. उरलेल्या निम्म्या आवाजाची ही कथा आहे.

पहिल्यांदा मी एका झगमगीत वर्कशॉपमध्ये गेलो. नाव सांगत नाही, कारण तिथली कॉफी चांगली होती. तिथे गाडी आत जाते आणि आपण काचेच्या अलीकडे बसतो, ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक बसतात तसे. अर्ध्या तासाने टाय लावलेला एक मुलगा बाहेर आला. त्याचा चेहरा इतका गंभीर होता, की माझ्या तोंडून निघून गेलं, "शुद्धीवर आहे ना?"

त्याने अंदाजपत्रक दाखवलं. २७,४०० रुपये. पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, वरची माउंटिंग, चाकांचं अलाइनमेंट, आणि शिवाय गाडीच्या पोटाला गंज चढू नये म्हणून एक लेप. मी विचारलं, "पण आवाज नेमका कशाचा येतोय?"

"सर, हे सगळं बदललं की आवाज राहणारच नाही."

हे उत्तर खोटं नव्हतं. घरातला उंदीर कोणत्या खोलीत आहे असं विचारल्यावर 'सगळं घर पाडू, मग उंदीर राहणारच नाही' असं कुणी म्हणालं तर तेही खोटं म्हणता यायचं नाही. मुलगा मात्र सज्जन वाटला. त्यालाही महिन्याचा काही आकडा गाठायचा असणार. 'घरी विचारून सांगतो' असं म्हणून मी निघालो. या वयात पुरुषाला सन्मानाने माघार घ्यायला एवढी एकच वाट उरलेली असते.

दुसरं गॅरेज रस्त्याकडेचं, चिंचेखालचं. तिथल्या उस्तादाने आधी गाडी पाहिली नाही, मला पाहिलं. शर्ट, चष्मा, चपला आणि शेवटी मनगटावरचं घड्याळ. मग वाकून चाकामागे एक नजर टाकली, हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "साहेब, काम निघालंय."

या वाक्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मराठीत 'निघणे' हे क्रियापद मोठं निष्पाप आहे. मुहूर्त निघतो, खुसपट निघतं, दिवाळं निघतं, तसंच काम निघतं. कुणी ते काढत नाही, आपोआप निघतं. मेकॅनिक बिचारा केवळ साक्षीदार.

"किती होतील?"

"अकरा हजार."

मी काहीच बोललो नाही. खरं तर मला ठसका लागला होता. तो म्हणाला, "साडेनऊ द्या." मी पाण्याची बाटली शोधायला वळलो. "बरं, आठ." गाडी सुरू केली तेव्हा साडेसात झाले होते आणि फाटकाबाहेर पडताना मागून 'सात' असं ऐकू आलं. आणखी दोन चौक तसाच गेलो असतो तर बहुधा त्यानेच मला काहीतरी दिलं असतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तेहतीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. फळ्यावर मागणीची एक रेघ वरून खाली काढायची, पुरवठ्याची खालून वर, आणि त्या जिथे छेदतात तिथे खडूने ठिपका देऊन म्हणायचं, 'ही किंमत.' अशा ठिपक्यांवर माझं घर चाललं. आणि आता माझ्याच गाडीच्या एका चाकाची किंमत सत्तावीस हजार चारशे, की सात हजार, की दोन चौक पुढे आणखी काही, ते मला सांगता येईना.

सात हजारांत होणाऱ्या कामाचे त्याने अकरा मागितले, म्हणून तो लबाड म्हणावा तर त्याने मला ते सातलाच देऊ केलं होतं. मग नुकसान कुणाचं झालं? झालं ते त्या माणसाचं, जो अकरा ऐकून 'बरं, करा' म्हणाला असता. म्हणजे विश्वास टाकणाऱ्याने चार हजार जास्त द्यायचे आणि संशय घेणाऱ्याने ते वाचवायचे. घासाघीस हा आपल्याकडे शहाणपणाचा खेळ समजला जातो. पण तिचा सगळा खर्च भोळ्या माणसाच्या खात्यावर पडतो, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तोवर मी नेहमी जिंकत आलो होतो ना!

तिसरा मेकॅनिक ओव्हरसियरसाहेबांचा 'आपला माणूस' होता. पुण्यात प्रत्येकाचा एक आपला माणूस असतो. आपला शिंपी, आपला डॉक्टर, आपला आंबेवाला. या आपल्या माणसाकडे आपण आपल्या ओळखीच्याला पाठवतो, मग तो आपला माणूस त्या ओळखीच्याला आपला करून सोडतो. याने गाडी बघायचे पैसे घेतले नाहीत. 'साहेबांच्या ओळखीचे तुम्ही, बघायचे कसले पैसे?' म्हणाला. फुकट बघितलं आणि चौदा हजारांचं काम निघालं.

आता इथे थोडं शास्त्र सांगतो. घाबरू नका, परीक्षा नाही.

अमेरिकेत फसव्या, कुचकामी मोटारीला 'लेमन' म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या लिंबांवर एक निबंध लिहिला. जुन्या मोटारीत काय दडलंय ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा धास्तीने सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडेना झालं, की चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून उठून जातात आणि मागे उरतात ती लिंबं. हा निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. म्हणजे समोरच्या मालाची पारख गिऱ्हाइकाला नसते, हे आधी संपादकांनीच सिद्ध करून दाखवलं. पुढे २००१ साली अकरलॉफला त्याच कामाबद्दल नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मेकॅनिकचं प्रकरण त्याहून अवघड. आंबा आंबट निघाला तर घरी गेल्यावर तरी कळतं. जुनी गाडी वाईट निघाली तर महिन्याभरात कळतं. पण दुरुस्ती गरजेची होती की नव्हती, हे काम झाल्यावरही कळत नाही. आवाज गेला, पण तो सात हजारांनी गेला की त्यातल्या सातशेंनी? मेकॅनिक जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून हातात देतो आणि म्हणतो, "हा बघा साहेब, पार गेलेला." आपण तो उजेडाकडे धरून, फिरवून पाहतो आणि गंभीरपणे 'हं' म्हणतो. एक्स-रेकडेही आपण असंच पाहतो. त्यात आपल्याला फक्त आपलं नाव वाचता येतं. इथे तेही नसतं.

ही चिंता आजची नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त 'कंटकशोधन' नावाचं एक अधिकरणच आहे. समाजातले काटे कसे काढावेत, हा त्याचा विषय. त्याची सुरुवात चोर-दरोडेखोरांपासून होईल असं आपल्याला वाटतं. होते ती कारागिरांपासून! त्यानंतर व्यापारी. धुवायला आलेले लोकांचे कपडे भाड्याने देणाऱ्या परटाला बारा पण दंड. व्यापाऱ्याने देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० नफा घ्यावा. कौटिल्याच्या काळी मोटारी नव्हत्या हे मेकॅनिकांचं भाग्य. तिकडे युरोपात तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडितानेही हाच प्रश्न घेतला. विकणाऱ्याने मालातला दोष सांगितलाच पाहिजे का? त्याचं म्हणणं असं, की दोष उघड दिसणारा असेल, म्हणजे घोडा एका डोळ्याचा असेल, तर तोंडाने सांगण्याची सक्ती नाही, मात्र भाव कमी लावावा. दोष लपलेला असेल तर सांगितलाच पाहिजे. ठीक आहे. पण माझा घोडा एका डोळ्याचा आहे, लंगडा आहे, की नुसता खोकतोय, हे पाहायला मला गाडीखाली उताणं पडावं लागणार. आणि पडलो तरी दिसणार काय? चिखल.

अखेर एका सकाळी ही म्हणाली, "नाना पेठेत जाऊन या. स्पेअर पार्टची सगळी दुकानं तिथे आहेत, कुणीतरी सांगेल." तिथल्या एका दुकानदाराने पार्ट विकायच्या आधीच एका बोळातल्या गॅरेजकडे बोट दाखवलं. जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा. मालक चाळिशीतला, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. मी आवाजाचं वर्णन करू लागलो. तो म्हणाला, "सर, तुम्ही गाडी चालवा, मी बसतो."

तो बसला तोही मागच्या सीटवर नाही, पुढेही नाही. दार उघडं ठेवून अर्धा बाहेर लोंबकळला, कान चाकाशी. "आता फक्त डावं चाक खड्ड्यात घाला. हळू. आता दोन्ही. आता ब्रेक." परत आल्यावर त्याने चारी कोपरे दाबून सोडले. गाडी एकदा वर आली आणि स्थिर झाली. "शॉकअप ठीक आहेत. गेलेले असते तर झुलत राहिली असती. आणि तेल गळालेलं दिसलं असतं. हे बघा, कोरडे आहेत."

"पण धक्के तर शॉकअपच घेतात ना?"

"नाही सर. धक्का घेते ती स्प्रिंग. धक्का घेतल्यावर तिची जी थरथर चालू राहते, ती शॉकअप शांत करतो."

मला एकदम घर आठवलं. वीजबिल पाहून उसळणारी स्प्रिंग मी, आणि नंतरची थरथर थांबवणारी... असो. नाव मात्र तिथेही कुटुंबप्रमुख म्हणून माझंच लागतं, उलटा न्याय एवढाच.

मग त्याने गाडी जॅकवर घेतली, आत हात घातला, काहीतरी हलवलं आणि नेमका तोच आवाज काढून दाखवला. टक-टक-खट्! जन्मभर शोधलेला नातेवाईक भेटावा तसा मी दचकलो. "लिंक रॉड. त्याचा जॉइंट झिजलाय. दोन्ही बाजूंचे बदलू, कारण दुसराही त्याच वयाचा आहे. बाकी काहीही करू नका. शॉकअप अजून चालतील. वर्षाने दाखवा."

"किती?"

"सगळे मिळून चौदाशे."

वाचकहो, खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला नाही. मला संशय आला. सत्तावीस हजार सांगणाऱ्याचं मी गंभीरपणे ऐकून घेतलं होतं. चौदाशे सांगणाऱ्याकडे मात्र मी चष्म्यावरून पाहिलं. इतकं स्वस्त? याला काही कळत नसावं, किंवा याचा पार्ट डुप्लिकेट असावा, किंवा हा चौदाशेंत गाडी उघडून ठेवून मग 'साहेब, काम निघालंय' म्हणणार. मी त्याला विचारलं, "खात्री आहे का?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "सर, आवाज गेला नाही तर एक रुपया देऊ नका. पण गेला, तर घासाघीस करू नका."

पाऊण तासात काम झालं. मी आणि तो बोळाबाहेरच्या खड्ड्यांतून फिरून आलो. शांतता! इतकी शांतता, की गाडीत घड्याळाची टिकटिकही आहे हे मला प्रथमच कळलं. त्याने एका कागदावर हिशेब मांडला. दोन लिंक रॉड नऊशे. मजुरी तीनशे. तपासणी दोनशे.

आणि माझं बोट त्या शेवटच्या ओळीवर जाऊन थांबलं. "हे तपासणीचे कसले? तपासलंत म्हणून तर दुरुस्त करता आलं. ते मजुरीतच आलं की!"

तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर, ते शॉकअप चांगले आहेत म्हणून सांगितलं, त्याचे आहेत."

मी पाकीट उघडून तसाच उभा राहिलो. कारण नेमका हाच प्रसंग माझ्या आयुष्यात एकदा येऊन गेला होता.

१९८८ साल. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून मी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. पुढे स्प्रिंगा, मागे पाटे आणि गियर स्टिअरिंगपाशी. गेल्या काही वर्षांपर्यंत ही जात मुंबईत टॅक्सी म्हणून तग धरून होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथलीही सेवानिवृत्त झाली. तर माझ्या पद्मिनीच्या मागच्या पाट्यातून कुरकुर येऊ लागली. एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. ते गोणपाट टाकून गाडीखाली सरकले. खालून दोनदा ठोकल्याचा आवाज आला, मग पाना फिरल्याचा. पाच मिनिटांत बाहेर येऊन म्हणाले, "काही नाही साहेब. नट ढिला होता, बुश कोरडा पडला होता. जावा." मी म्हटलं, "मिस्त्री, किती द्यायचे?" "द्या दहा रुपये."

मी त्या काळी तरुण अर्थशास्त्रज्ञ होतो. मी मनात हिशेब केला. पाच मिनिटांचे दहा म्हणजे तासाचे एकशेवीस, आठ तासांचे नऊशेसाठ. आमच्या प्राचार्यांना एवढे मिळत नव्हते! मी म्हटलं, "अहो मिस्त्री, केलंत काय? एक नट तर आवळला." आणि त्यांच्या हातावर पाच रुपये ठेवले. त्यांनी त्या नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नोट खिशात घातली आणि दुसऱ्या गाडीखाली गेले. एक शब्द बोलले नाहीत. मी मोठ्या विजयाने घरी आलो.

पुढच्या खेपेला कुरकुर झाली तेव्हा त्यांच्याकडे जायची मला लाज वाटली. तिला मी लाज म्हणत नव्हतो, 'लांब पडतं' म्हणत होतो. दुसऱ्या गॅरेजात गेलो. त्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली. संध्याकाळी पाहायला गेलो तर पाटे सुटे करून फरशीवर मांडले होते, तीन माणसं कोपरापर्यंत काळी झाली होती, ग्रीसचा डबा उघडा होता. बिल झालं साडेचारशे. मी ते आनंदाने दिलं. का? तर पैसे कशाचे ते डोळ्यांना दिसत होतं. घाम दिसत होता, काळे हात दिसत होते, जुने बुश कागदात बांधून मिळाले होते. कदाचित तेव्हाही नटच ढिला असेल. पण एक नट आवळायचे साडेचारशे मी दिले असते का? दहासुद्धा दिले नव्हते.

आणि हा मी कोण? तर फळ्यावर दोन रेघा काढून पगार घेणारा. मला कधी कुणी म्हटलं नाही, 'सर, केलंत काय? दोन रेघा तर काढल्या!' ठिपका कुठे द्यायचा हे कळण्याचा पगार मी जन्मभर घेतला, आणि ठोका कुठे घालायचा हे कळणाऱ्याला मिनिटं मोजून पैसे दिले.

बोळातल्या त्या गॅरेजात उभा असताना मला प्रथमच वाटलं, की प्रामाणिक मेकॅनिक मिळत नाही ही तक्रार मी चुकीच्या खिडकीवर करतोय. मला तो १९८८ सालीच मिळाला होता. मी त्याला पाच रुपये कमी दिले आणि पाटे फरशीवर मांडणाऱ्याला साडेचारशे दिले. माझ्यासारख्या हजार गिऱ्हाइकांनी हेच केलं, की कोणत्याही शहाण्या मेकॅनिकला धडा मिळतो. 'काही झालेलं नाही, जा' या वाक्याला बाजारात भाव नाही. 'काम निघालंय' या वाक्याला आहे. मग काम निघतं. कौटिल्याने कारागिराचा काटा काढला, ते ठीकच. पण हा काटा पेरतो कोण, हेही पाहायला हवं होतं.

याचा अर्थ सगळे मेकॅनिक साधू आणि आम्ही गिऱ्हाइकंच चोर, असं नाही. चांगला शॉकअप गेलाय म्हणून सांगणं हे खोटंच, त्याला कुठलाही अर्थशास्त्रीय मुलामा देऊ नये. माझं म्हणणं एवढंच, की वाजवी किंमत हा आकडा एकट्या मेकॅनिकने ठरवायचा नसतो. बोळातल्या मालकाने नंतर चहा घेताना सांगितलं, "लोक निदान माझ्याकडून करून घेतात, पार्ट मोबाइलवरून मागवतात आणि बसवतात तिसऱ्याकडून. नाही बसला तर भांडायला मात्र माझ्याकडे येतात." जागेचं भाडं, हाताखालच्या पोराचा पगार, जॅक, पाने, गिऱ्हाईक नसलेले दिवस, आणि आवाज न गेल्यास फुकट करून द्यायचं काम, हे सगळं त्या तीनशे अधिक दोनशेतून निघायचं. मी गुन्हेगारासारखा मान घालून चहा प्यालो. गेल्या आठवड्यात मीच तीन ठिकाणी निदान करून घेतलं होतं, आणि कॉफीसुद्धा!

मी चौदाशे दिले. वर शंभराची एक नोट ठेवली. "हे कशाचे सर?" "जुनं देणं आहे." त्याला काही कळलं नाही. त्याने नोट परत माझ्या हातात दिली. "जादा नको सर. आज तुम्ही खूश आहात म्हणून देता. उद्या नाखूश झालात तर कमी द्याल. जे आहे तेच द्यायचं."

तेहतीस वर्षं शिकवून 'वाजवी किंमत' या शब्दाची इतकी नेमकी व्याख्या मला विद्यार्थ्यांना देता आली नव्हती. आपल्या खुशी-नाखुशीवर, कपड्यांवर किंवा पाठ फिरवण्यावर जी हलत नाही ती. ऐकायला सोपं आहे. पण तिच्यासाठी मेकॅनिकला जेवढा संयम लागतो तेवढाच गिऱ्हाइकालाही. आणि तो कुठल्या दुकानात मिळत नाही.

म्हाताऱ्या मिस्त्रींचे पाच रुपये मात्र राहिले ते राहिलेच. त्यांचा पत्ता लागायला आता उशीर झाला आहे.

घरी आलो. ही म्हणाली, "किती घेतले?"

"चौदाशे. त्यातले दोनशे काही न केल्याचे."

मला वाटलं आता स्प्रिंग उसळणार. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. काही न केल्याचे पैसे मिळतात हे तुम्हाला उशिरा का होईना कळलं. माझी चाळीस वर्षांची बाकी लिहून ठेवा." काय काय न केल्याचे, ते मी विचारलं नाही. यादी मोठी निघाली असती.

संध्याकाळी वॉचमनला नारळ दिला. तो म्हणाला, "कसला साहेब?" मी म्हटलं, "तपासणीचा."

ओव्हरसियरसाहेब पार्किंगमध्ये भेटले. गाडी ऐकून चकित झाले. म्हणाले, "प्रोफेसर, पत्ता द्या हो! माझ्याही गाडीला तसाच आवाज यायला लागलाय." माझ्या मनात क्षणभर पाप आलं. चांगला मेकॅनिक आणि चांगली मोलकरीण, यांचा पत्ता सांगून माणसं पस्तावतात. तरी पत्ता दिला. पण एक अट घातली. "तो तपासणीचे दोनशे घेतो. ते न कुरकुरता द्यायचे."

"तपासणीचे?" साहेब उडालेच. "नुसतं बघायचे दोनशे? छे हो! आपला माणूस फुकट बघतो."

ते आपल्या माणसाकडे गेले. त्याने फुकट बघितलं. शॉकअप बदलले, लोअर आर्म बदलले. आवाज अजून येतो. रोज सकाळी नऊ वाजता त्यांची गाडी गतिरोधकावरून जाते तेव्हा मी गॅलरीत चहा पीत असतो. टक-टक-खट्! डावा लिंक रॉड. मला इथून साफ ऐकू येतो.

दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "प्रोफेसर, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

फुकट सांगितलं ना, म्हणून.